राईतली काठी

खानावळीची मालकीण मी, पण आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणते. मालक आयुष्यभर पिरंगुटच्या एका कारखान्यात फिटर होते. कुठलीही गोष्ट मापात बसल्याशिवाय त्यांना पटत नाही. त्यामुळे आता खानावळ पुन्हा उघडायची असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी तोंडावर नकार दिला नाही. त्यांनी माप काढलं.

"ताम्हिणीच्या अलीकडं वनखात्याचं उद्यान हाय न्हवं? तितं तीन धबधबे हायेत. गेटापासनं तिसऱ्या धबधब्यापर्यंत चालून दाव. माझा हात धरायचा न्हाई, काठी घ्यायची न्हाई. पोचलीस तर सोमवारी शटर उघड. न्हाई पोचलीस तर गाळा शेजारच्या हार्डवेअरवाल्याला देऊन टाकायचा."

मी लगेच हो म्हटलं. माझा स्वभावच तसा. आधी हो म्हणायचं आणि मग पाय कुठे आहेत ते बघायचं.

पायांची गोष्ट अशी, की आठ महिन्यांपूर्वी ऐन जेवणाच्या गर्दीत खानावळीच्या मोरीजवळ मी घसरून पडले आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. आत सळई घातली आहे. फरशीवर साबणाचं पाणी होतं. भांडी घासायला एक बाई होती, सात वर्षं माझ्याकडे होती. तिने पाणी सांडलं आणि पुसलं नाही, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात आलं. पडल्या जागेवरून, पंचवीस-तीस कामगार ताटावर बसलेले असताना, मी तिला ओरडून म्हणाले, "तुझ्या हातानं माझं वाटोळं झालं. उद्यापासनं तोंड दावू नको." मला उचलून नेलं, त्यानंतर तिने उरलेली ताटं घासून पालथी घातली आणि घरी गेली, असं मला पुढे कळलं. त्या आठ महिन्यांत मी तिची एकदाही चौकशी केली नाही.

मी घरात पडून होते आणि शटर खाली होतं. येणारी पोरं युपी-बिहारची, काही लातूर-नांदेडची. "चाची, आज क्या है?" असं विचारत आत यायची. पिठलं केलं की तोंड वाकडं करायची आणि तरी तीन-तीन भाकरी खायची. त्यांच्या आवाजाशिवाय मला दिवस उगवल्यासारखा वाटत नव्हता. लोक म्हणत, आता वय झालं, आराम कर. आराम करून मी सुकून जाईन हे कुणाला कळत नव्हतं. मालकांना तर नाहीच नाही. त्यांना मी बसलेली हवी होते, निजलेली असले तर त्याहून बरं.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. एसटीने आम्ही सकाळीच गेटावर उतरलो. वाट दाखवायला वनखात्याने वरच्या धनगरवाड्यावरच्या बायकांना कामावर घेतलं आहे. आमच्या वाट्याला चाळिशीतली एक काटक बाई आली. नऊवारीवर खाकी जाकीट, पायात प्लास्टिकचे बूट. तिने माझं चालणं एकदा खालून वर पाहून घेतलं.

"मावशी, येताना वरनं जीप मिळती. तिसऱ्या धबधब्याच्या वर डांबरी हाय, तितनं गेटावर सोडत्यात. खाली चालत येऊ नका, उतार लई वंगाळ हाय."

"तेच करणार हाय," मालक घाईने म्हणाले. माझ्या आधी त्यांनी जीपची चौकशी करून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

पहिल्या धबधब्यापर्यंत वाट सपाट आहे. दोन्ही बाजूंना तेरडा फुलून संपत आलेला, मधून मधून पिवळी सोनकी. धबधबा म्हणजे नळ सोडून विसरल्यासारखी एक धार. तिथे पुण्याच्या सूसकडच्या सोसायटीतली मंडळी फोटो काढत होती. मी थांबले नाही, कारण थांबले की पुन्हा सुरू करायला पाय कुरकुरतो. बाई माझ्या पुढे दोन पावलं अशा बेताने चालत होती, की मला घाई होऊ नये.

"तू रोज इतक्या हळू चालत न्हाईस," मी म्हटलं.

"सवय हाय मावशी. शेरडी पोटुशी असली की तिला अशीच न्यावी लागती. पळवली की बसती."

मला गाभण शेळी म्हटल्याचा राग यायला हवा होता, पण हसू आलं. मालक मागून येत होते. त्यांची नजर माझ्या टाचांवर होती, ती मला पाठीला जाणवत होती.

दुसऱ्या धबधब्याला पायऱ्या आहेत, कातळात कोरलेल्या, एकही दुसरीसारखी नाही. चढताना डावा पाय आधी, मग उजवा वर ओढून घ्यायचा, असं मी सगळ्या पायऱ्या चढले. मध्येच झाडीतून कुणीतरी लांबलचक शीळ घातली. सूर लावता लावता सोडून दिल्यासारखी. मी चिडून वळले, वाटलं एखादा टवाळ असेल.

"पाखरू हाय त्ये," बाई म्हणाली. "पाण्याच्या कडंलाच बसतंय. मानसागत शीळ घालतंय."

दुसरा धबधबा मात्र खरा धबधबा होता. काळ्या कातळावरून पाणी तीन ठिकाणी फुटून खाली येत होतं आणि त्याचे तुषार आमच्या तोंडावर उडत होते. मी तिथे दगडावर बसले. मालकांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली आणि म्हणाले, "हितनं बी परत जाता येतंय. कमीपणा न्हाई त्यात."

"कमीपणा कुणाला म्हणायचा ते मला ठाऊक हाय," मी म्हटलं आणि उठले.

पुढे ओढा आडवा येतो. त्यात मोठमोठे दगड टाकलेत, त्यांवरून पलीकडे जायचं. दोन दगडांमध्ये पाणी खळखळत होतं, दगडांच्या खाचांतून लहान खेकडे डोकावून पुन्हा आत जात होते. मी एका दगडावर दोन्ही पाय टेकवायचे, श्वास घ्यायचा, मग पुढचा दगड, असं करत ओलांडून गेले. पलीकडे पोचल्यावर मला जे वाटलं ते सांगायला लाज कशाला? मला वाटलं, आपण अजून आहोत.

ओढ्यापलीकडे देवराई लागली. बाईने बूट काढून हातात घेतले. "हितनं पुढं आईचं रान हाय. चपला काढा. पलीकडं गेल्यावर घाला."

मालक माझे बूट काढायला वाकले, मी त्यांना थांबवलं आणि एका दगडावर बसून स्वतः काढले. आठ महिन्यांत मी मातीवर अनवाणी पाय ठेवला नव्हता. गार, ओली, पालापाचोळ्याने मऊ झालेली माती. तिथे मला कुठल्याही बुटापेक्षा बरं चालता येत होतं. उंबर, हिरडा, जांभूळ, आणि त्यांच्यावर गारंबीचे वेल, माणसाच्या मांडीएवढे जाड. ऊन खाली पोचत नव्हतं. मधोमध एका झाडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला देवीचा तांदळा, नुसता बिनआकाराचा दगड, वर छप्परसुद्धा नाही. मी हात जोडले. मालक मागे रेंगाळले होते. त्यांना देवाधर्माचं फारसं नाही, त्यामुळे ते मागे काय करतात याकडे मी लक्ष दिलं नाही.

राई संपल्यावर बूट घातले आणि शेवटची चढण सुरू झाली. तिथे कातळाच्या उंच टप्प्यांशी माझा पाय अडला. डावा पाय वर गेला, उजवा येईचना. मी एका झुडपाला धरून उभी राहिले. खाली बघितलं की डोळ्यांपुढे फरशी यायची, साबणाचं पाणी यायचं.

तेवढ्यात मालक शेजारी आले आणि एक काठी माझ्या हातात दिली. सरळसोट, वाळलेली, साल सोललेली, बरोबर माझ्या कमरेच्या मापाची. मला त्या वेळी विचारायला सवड नव्हती. मी ती टेकवली आणि चढले. वर पोचले तेव्हा तिसरा धबधबा समोर होता. वरच्या डोंगरावरून एका झेपेत खाली येणारं पाणी आणि त्याच्या मागे काळोखी कपार. मी तिथेच उभी राहून रडले. दमल्यामुळे असेल, आनंदामुळे असेल, मला वेगळं काढता आलं नाही.

"पोचले," मी म्हटलं. "सोमवारी शटर."

मालक धबधब्याकडे बघत म्हणाले, "काठी घेतलीस न्हवं? काठी घ्यायची न्हाई असं ठरलं व्हतं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. काठी देणारे हेच आणि हरलीस म्हणणारेही हेच. मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की धबधब्याच्या आवाजातही आजूबाजूच्या लोकांनी माना वळवल्या.

आमचं भांडण थांबलं ते बाईमुळे. ती माझ्या हातातल्या काठीकडे बघत होती, आणि तिचं तोंड उतरलं होतं.

"काका, ही काठी कुटली?"

"मागच्या त्या झाडीतली. ढीगभर पडल्यात तितं."

"आईच्या रानातली?" तिने कपाळाला हात लावला. "काका, त्या रानातली काडी बी भाईर नेत न्हाईत. आमची शेरडं तितं चरत न्हाईत. झाड पडलं तर तितंच कुजतंय. चुलीला लाकूड न्हाई म्हून आमी पाल्यावर भाकरी भाजली, पन तितलं उचललं न्हाई कंदी."

मालक सोलापूरकडचे. त्यांच्या गावाला नजर जाईल तिथपर्यंत माळ आहे, झाड शोधून सापडत नाही. सरळ काठी आणि ती वाटेवर तशीच पडलेली, कुणी उचलत नाही, हे त्यांच्या लेखी नवलच होतं. "आमच्याकडं अशी काठी सांजेपर्यंत राहत न्हाई," ते पुटपुटले. माझं माहेर मुठा खोऱ्यातलं. राई म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत होतं. काठी कुठून आणली असं एका शब्दाने विचारलं असतं तर मी ती हातात धरली नसती. पण मी विचारलं नव्हतं.

"मग आता?" मालकांनी विचारलं. "नारळ-बिरळ देतो वाटल्यास."

"नारळानं भागत न्हाई. जितनं उचलली तितंच ठिवायची. आन् ज्यानं उचलली त्यानंच."

"बरं, मी पळत जाऊन ठेवून येतो. तू जीपमदी बस."

"मी न्हाई बसणार," मी म्हटलं. "काठी माझ्यासाठी आणली, माझ्या हातानं इथवर आली. मी बी परत चालत जाणार. राईपर्यंत टेकवीन, तिथं ठेवीन, आणि तिथून गेटापर्यंत काठी न्हाई, हात न्हाई. आता ही माझी पैज."

बाईने उताराची पुन्हा आठवण करून दिली. मालकांनी डॉक्टरांचं नाव काढलं. मी तोवर पहिल्या टप्प्यावरून खाली उतरले होते.

राईत आम्ही पुन्हा अनवाणी शिरलो. मालकांनी जागा बरोबर ओळखली. उंबराच्या एका मोठ्या मुळाच्या पोटात, देवीपासून चार पावलांवर. ते गुडघ्यावर बसले आणि काठी ठेवली, तीही आधी होती तशाच कोनात.

"आता आईला सांगा का उचलली त्ये," बाई म्हणाली. "मोठ्यानं सांगा. आमच्यात पोटात ठिवत न्हाईत, तितं ठिवलं की सडतंय."

मला वाटलं, हे आता कुरकुर करणार. पण ते तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "आई, ही काठी मी उचलली. हिला चढताना बघून मला भ्या वाटलं. आन् पोचली तर परत खानावळीत उभी राहणार, त्येचं बी भ्या वाटलं."

बाई मान हलवून वळणार, तोच ते पुढे बोलले.

"आन् ती पडली ती माझ्यामुळं. त्या दिवशी फरशी तेलकट झाली व्हती म्हून मी साबणाचं पाणी टाकलं. तेवढ्यात पंप बंद कराया गेलो. पुसाया आलोच न्हाई. आलो तवा ही खाली पडली व्हती."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. आठ महिने मी खाटेवर पडून त्या भांडीवालीला शिव्या घातल्या होत्या, आणि हा माणूस शेजारी बसून मला पेज भरवत होता. मालक म्हणायची रीत त्या वेळी मी विसरले. बाई वरच्या वेलीकडे बघत उभी राहिली. मी बूट हातात घेतले, चालायला लागले आणि राईच्या कडेला ते चढवले.

मला त्या दिवशी ओढा कुणी ओलांडून दिला असेल तर रागाने. पहिला दगड, दुसरा दगड. तिसऱ्यावर माझा तोल गेला आणि मी दोन्ही हात पसरून सावरले. बाजूला बघितलं तर मालक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले होते. मी दगडावरून चालत होते आणि ते माझ्या शेजारून गार पाण्यातून. हात पुढे केला होता, पण मला लावला नव्हता. माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या पावलाकडे बघत होते. पलीकडे जाईपर्यंत तो हात तसाच होता. मला त्यांचा संताप आला होता आणि त्याच वेळी वाटत होतं, की हा माणूस आठ महिने असाच पाण्यात उभा असेल.

पायऱ्यांवर मी हरता हरता वाचले. उतरताना उजव्या पायावर भार येई आणि सळई जागच्या जागी ओरडे. मग मी सरळ बसले आणि एकेक पायरी बुडावर घसरत उतरले, तान्ह्या पोरासारखी. वर चढणाऱ्या पोरी हसत होत्या. हसू देत. पैजेत हात आणि काठी यांची अट होती, बुडाची नव्हती. साडीची वाट लागली.

गेटावर बाईने माझ्या पाठीवर थाप मारली. "शेरडी पोचली," ती म्हणाली.

एसटीची वाट बघत आम्ही बाकड्यावर बसलो. मालक म्हणाले, "सोमवारी शटर उघडू."

"सोमवारी न्हाई," मी म्हटलं. "सोमवारी भांडीवालीच्या घरी जायचं. ज्यानं उचललं त्यानं ठेवायचं. तुमी बोलायचं, आणि तुमचं झालं की मी."

सोमवारी आम्ही गेलो. तिची वाडी पिरंगुटच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला. ती दारात बसून तांदूळ पाखडत होती. आम्हाला बघून उठली नाही. मालकांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. पंप, बादली, साबण, काही सोडलं नाही. तिचं सूप एकदाही थांबलं नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "काका बादली घिऊन पंपाकडं गेलेले मी बघितलं व्हतं."

"मग त्याच वेळी बोलली का न्हाईस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुमी खाली पडलेल्या. काका रिकामी बादली धरून भिताडाला टेकले व्हते. मी बोलले असते तर तुमचं हाड जुळलं असतं का?" तिने सूप खाली ठेवलं. "मला वाटलं, ताई बऱ्या झाल्या की इचारतील. तुमी इचारलंच न्हाई."

पंचवीस माणसांदेखत मी तिला बोलले होते. माफी मात्र तिच्या रिकाम्या अंगणात मागायला आले होते. मी म्हटलं, "खानावळीत सगळ्यांसमोर सांगीन. ये."

तिने सूप उचलून कोंडा झटकला. मग म्हणाली, "येते. पन भांडी न्हाई घासायची मी आता. तव्याम्होरं बसंन. भाकरी तुमच्यापेक्षा बरी येती मला."

"मग भांडी?"

तिने मालकांच्या हातांकडे पाहिलं. मालकांनीही आपल्या हातांकडे पाहिलं.

मंगळवारी शटर उघडलं. पोरं आली, आणि मी जे सांगायचं ते ताटं वाढायच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलं. भाकऱ्या ती थापते, आणि त्या माझ्यापेक्षा बऱ्या येतात हे मला मान्य करावं लागलं. मी आमटी-भाजी बघते, थकले की स्टुलावर बसते. मालक मोरीवर असतात. ताटं घासून मापात रचतात आणि मग फरशी धुतात. धुतली की फडकं घेऊन तिथेच उभे राहतात, ती कोरडी होईपर्यंत हलत नाहीत, आणि कुणी मोरीकडे वळलं की अख्ख्या खानावळीला ऐकू जाईल असं ओरडतात, "थांबा, फरशी ओली हाय. पाणी मी टाकलंय."